थंड समुद्रात उतरणारी बाटली

मी बाटली बोलतेय. पण थांबा, तुमच्या डोळ्यांपुढे जी आली ना, ती मी नव्हे. मला बूच नाही, लेबल नाही आणि तोंड लावून मला कुणी कधी प्यायलेलं नाही. मी म्हणजे करड्या प्लॅस्टिकची जाडजूड नळी, कडेवरच्या बाळाएवढी. मला दोन तोंडं आहेत, एक वर, एक खाली. दोन्ही सताड उघडी ठेवून मी समुद्रात उतरते आणि ठरलेल्या खोलीवर वरून इशारा आला की दोन्ही फटकन मिटते. तिथलं पाणी माझ्या पोटात, बाकी सगळं बाहेर. तोंड नेमकं कधी मिटावं हे माणसांना जन्मात जमत नाही, मला पहिल्या दिवसापासून जमतं!

कारखान्यात ज्या बाईनं माझी झाकणं रबर ताणून बसवली, तिचं बोट माझ्यात चेमटलं होतं. "मेली चावरी आहे!" म्हणत तिनं बोट तोंडात घातलं, पण खोक्यात भरताना मला थोपटलंही. तिथून मी आले ती थेट संशोधनाच्या जहाजावर. एका लोखंडी रिंगणात माझ्यासारख्या कितीतरी बहिणी गोलाकार उभ्या होत्या. त्यांच्यात मलाही बांधलं. हे रिंगण तारेवर लोंबकळत खाली जायचं, वर यायचं. ती तार सोडायला आणि ओढायला चरखीवर दादा असायचे. भलेमोठे हातमोजे, नाकाचा शेंडा कायम लाल, आणि तोंड दिवसभर चालू.

पहिल्यांदा खाली गेले तेव्हा काय सांगू तुम्हाला! मला वाटलं होतं, पाणी म्हणजे पाणी. वरचा थर हिरवट, पातळ भाजीच्या पाण्यासारखा. तो हिरवेपणा म्हणजे घाण नव्हे हो, ती जिवंत वनस्पती. इतकी बारीक, की एका थेंबात तिची वस्ती मावते. तिला प्लवक म्हणतात. मुळं नाहीत, खोड नाही, ऊन खायचं आणि वाढायचं. मी खाली जात राहिले तसा हिरवा रंग निळा झाला, निळा काळा झाला, आणि त्या काळोखात वरून पांढरे कण पडत होते, सावकाश, न थांबता. मेलेले प्लवक, कुणीतरी खाऊन टाकलेलं उरलंसुरलं. माझ्या उघड्या तोंडांतून ते आरपार जात होते आणि मी बापडी गप्प झाले होते. मी, गप्प!

ही सगळी उठाठेव कशासाठी ते मला बाईंमुळे कळलं. जहाजावर त्यांना सगळे 'बाई'च म्हणत. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, चालायला लागल्या की तरुण पोरं मागे पडायची. आयुष्यभर त्यांनी एकच प्रश्न धरला होता: या थंड पाण्यात हे प्लवक खातात काय? नुसतं ऊन पुरत नाही, वाढायला नायट्रोजनही लागतो. तो हवेत ढीगभर आहे, पण हवेतला बहुतेकांना पचत नाही. त्यांना लागतं ते पाण्यात विरघळलेलं नायट्रेट. तळाच्या काळोखात जिवाणू त्या पडलेल्या कचऱ्यापासून ते तयार करतात आणि हिवाळ्यातली वादळं समुद्र घुसळून ते वर आणतात. वसंतात ऊन आलं की प्लवक त्यावर तुटून पडतात. काही दिवसांत वरच्या पाण्यातलं नायट्रेट फस्त!

मग पुढे? पुढे सगळं मरायला हवं. पण मरत नाही. नायट्रेट संपल्यावरही हिरवं वाढतच राहतं. बाई म्हणायच्या, प्लवकांना खाणारे बारीक झिंग्यासारखे जीव वरच राहतात, आणि खाल्लं की मूत्रातून अमोनिया सोडतात. तेच प्लवकांचं दुसरं जेवण.

"म्हणजे बाई," एकदा दादांनी चरखी थांबवून विचारलं, "हा एवढा समुद्र मुतावर चाललाय?"

"चाललाय. आणि तुमच्या श्वासातला बराचसा प्राणवायूही हेच प्लवक सोडतात, दादा."

दादांनी भीतभीत एक दीर्घ श्वास घेतला आणि हळूच सोडला. बाई इतक्या हसल्या की त्यांना कठडा धरावा लागला.

पण लोक मानत नव्हते. बाईंच्या मोजणीत अमोनिया जास्त यायचा आणि एका सभेत एक तरुण रसायनवाले उठून म्हणाले होते, "हा समुद्राचा नाही, जहाजाच्या मोरीचा अमोनिया आहे." सगळे हसले होते. अमोनिया फार वाईट पाहुणा, कुठूनही येतो. फरशीच्या औषधातून, विडीच्या धुरातून, घामेजल्या हातातून. हवेतून उडून नमुन्यात शिरतो. बाईंची ती शेवटची सफर होती, परतल्यावर निवृत्ती. यंदा खरं ठरलं नाही तर त्यांचं सगळं आयुष्य मोरीत जाणार होतं. आणि मोजायला सोबत कोण? तेच रसायनवाले! एक थेंब सांडू देत नाहीत म्हणून दादांनी त्यांचं नाव 'थेंबे' ठेवलं होतं.

बाईंनी जहाजावर कहर केला. फरशी पुसायची ती नुसत्या पाण्यानं. विडी बंद. अत्तर बंद. स्वयंपाकघराकडचं दार बंद. दादांनी गुडघ्याला चोळायचं तेल लपवलं होतं, तेही त्यांनी वास घेऊन शोधून काढलं. "बाई, नाक आहे की काय आहे!" दादा कुरकुरले.

आणि त्या सकाळी अमोनियाच्या मोजणीसाठी आम्ही पहिल्यांदा उतरलो. मी तळाजवळ मिटले, बहिणी वर वर मिटत आल्या. प्रयोगशाळेत आमच्या तोट्या सोडून नमुने भरले. त्यात औषध टाकलं की अमोनिया असेल तितका नमुना यंत्रात चमकतो. तळाच्या पाण्यात अमोनिया जवळजवळ नसतोच, जिवाणू त्याचं नायट्रेट करून टाकतात. म्हणजे माझं पाणी विझलेलंच हवं.

माझं पाणी दिव्यासारखं चमकलं. बहिणींचंही. सगळे सारखेच!

थेंब्यांनी आकडे वहीत उतरवले. बाईंचा चेहरा उतरला, मग तापला. "कुणी काय केलंय? खरं सांगा!" त्यांनी फरशी हुंगली, कपाटं हुंगली, दादांचा गुडघासुद्धा हुंगला. आचाऱ्याला बोलावून त्याचे हात वर करून पाहिले. सगळे खाली माना घालून उभे. थेंबे मात्र छताकडे बघत होते.

"छतावर काय लिहिलंय?" बाई कडाडल्या.

"काही नाही." थेंबे घुटमळले. "बाई... काल तुमचे केस पांढरे होते."

बाईंचा हात डोक्याकडे गेला. केस काळेभोर होते. सुनेनं निघताना बॅगेत रंगाची पुडी टाकली होती: आई, निरोपाचे फोटो निघतील, जरा छान दिसा. त्यांनी सकाळीच खोलीत लावला, धुतला आणि तशाच ओल्या डोक्यानं आमच्या तोट्यांवर वाकल्या. केसांच्या रंगात अमोनिया असतो. साऱ्या जहाजाला हुंगत फिरणाऱ्या बाईंना स्वतःच्या डोक्याचा वास आला नव्हता!

दादांनी हसू दाबायला हातमोजा तोंडात कोंबला. बाई हसल्या नाहीत. त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे तेव्हाही मोरीच असेल, थेंबे. तुम्हीच बरोबर." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं. पाणी आणणं माझ्या हाती होतं, साक्ष देणं नव्हतं.

थेंब्यांना आता जिंकून मोकळं होता आलं असतं. पण त्यांनी हातमोजे काढून टाकले, नवे चढवले आणि म्हणाले, "एवढ्यावरून काहीच ठरत नाही. पुन्हा उतरवू. पण तुम्ही आत यायचं नाही."

"मी?"

"दाराच्या आतसुद्धा नाही."

खिडक्या उघडून प्रयोगशाळेत वारा खेळू दिला, सगळं धुतलं. आम्ही पुन्हा उतरलो. या खेपेला मी जीव मुठीत धरून गेले. वर हिरव्यात ते बारीक जीव शेकड्यांनी फिरत होते, काचेच्या अंगाचे, पोटात हिरवा ठिपका. खात होते, सोडत होते, आणि त्यांनी सोडलेलं ओढून शेजारचा प्लवक एकाचा दोन होत होता. एकाचं टाकून दिलेलं दुसऱ्याच्या ताटात, क्षणाचाही खंड नाही. खाली तो कणांचा पाऊस, त्याखाली काळोखातले जिवाणू, सगळे आपापल्या कामाला. एवढा मोठा संसार, मालक कुणी नाही, आणि कण वाया जात नाही! हे सगळं डोळ्यांदेखत चाललं होतं आणि वर एक बाई 'मोरी' म्हणून खाली मान घालून बसली होती. मी तळाशी पोचले आणि अगदी घट्ट मिटले.

बाई डेकवर वाऱ्यात उभ्या राहिल्या, डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून. काचेतून त्यांना फक्त थेंब्यांची पाठ दिसत होती. आयुष्यभर ज्या पाण्याला स्वतः हात लावला, ते शेवटचं पाणी त्यांना परक्या हाती सोपवावं लागलं, आणि तेही ज्यानं भरसभेत त्यांचं हसं केलं त्याच्या.

बराच वेळ गेला. मग थेंबे बाहेर आले.

"तळाचं?" बाईंनी विचारलं.

"विझलेलं. काही नाही."

"वरचं?"

थेंब्यांनी वही पुढे केली. "चमकतंय बाई. तुमच्या जुन्या आकड्यांइतकंच. नमुना यंत्रातून तीनदा फिरवून बघितला." मग ते मान खाली घालून म्हणाले, "त्या सभेत मी फार बोललो."

बाई डोळे पुसायला गेल्या आणि पिशवी बांधताना रंगलेल्या हातमोज्यानं गालावर काळा रंग फासून बसल्या. दादा पुढे झाले. म्हणाले, "बाई, म्हणजे मुतावरच चाललंय ना सगळं?" आणि तिघंही हसत सुटले, त्या गारठ्यात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

पुढे त्याच सफरीत समुद्रावर तरंगणारा बर्फ माझ्या अंगावर घासून मला तडा गेला. आता मी पाणी धरत नाही. एका संस्थेच्या व्हरांड्यात भिंतीशी टेकून असते. येणारे-जाणारे मला पाइप समजतात आणि माझ्यावर ओल्या छत्र्या टांगतात. चालायचंच! एवढंच मागणं आहे, कुठे पाणी हिरवट दिसलं तर नाक मुरडू नका. जरा वाका, श्वास घ्या आणि मनात म्हणा, तुमचं चालू द्या.

परवा एक शाळेची सहल आली होती. बाईंच्या त्या सफरीचा आलेख आता व्हरांड्यात लावलाय, तळापासून वरपर्यंत एकेक ठिपका. मुलांना सांगणारा म्हणाला, हे बाईंनी सिद्ध केलं, थेंबेसाहेबांनी मोजलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, आणि खरं सांगते, मला राग आला नाही. मला ठाऊक आहे, ते पाणी वर कुणी आणलं.