मागून हाक

एडिथ स्टॉर या बाईने माझ्या सासऱ्यांना फोनवर सरळ "पळपुट्याचा नातू" म्हटलं आणि फोन आपटला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्याचे शेवटचे दिवस मोजणाऱ्या माणसाशी असं बोलतात का कोणी? सासऱ्यांच्या हातात मात्र रिसीव्हर तसाच होता.

सासरे म्हणजे वॉल्टर स्टॉर, वय चौऱ्याऐंशी. मी त्यांना बाबा म्हणते. लग्नानंतर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आमच्यात सासऱ्याला नावाने हाक मारत नाहीत, तुम्हाला चालत असेल तर ठीक, नसेल तरी मी बाबाच म्हणणार. त्यांना चाललं. दोन हजार पाचच्या हिवाळ्यात त्यांचा कॅन्सर निघाला तेव्हा मी नि माझ्या नवऱ्याने, पॉलने, त्यांना जर्सी सिटीला आमच्या अपार्टमेंटमध्ये आणलं. पुढच्या एप्रिलमध्ये डॉक्टर म्हणाले, आता ट्रीटमेंट नको, उन्हाळा निघाला तरी पुष्कळ.

त्यांची इच्छा एकच होती. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर स्केलविक नावाचं मासेमारीचं गाव आहे, स्टॉर घराणं तिथलं. बाबांना लहानाचं मोठं केलं ते त्यांच्या आजोबांनी, मॅथ्यू स्टॉरनी. ते तरुणपणी गाव सोडून अमेरिकेला आले ते पुन्हा गेलेच नाहीत. "आजोबांना जाता आलं नाही, निदान माझी राख तरी तिथे जाऊ दे," असं बाबा म्हणायचे. राख समुद्रात सोडा म्हटलं असतं तर कुणाच्या बापाची परवानगी लागली नसती. पण त्यांना ती चर्चमागे, घराण्याच्या कबरींमध्ये हवी होती, आपल्या माणसांत.

माझी लेक नीना सेमिस्टर संपवून घरी आली आणि इंटरनेटवर वंशावळी शोधणाऱ्या लोकांच्या मागे लागली. त्यातून ही एडिथ सापडली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, बिनलग्नाची, त्या गावात उरलेली शेवटची स्टॉर. घराण्याच्या कबरींपैकी जागा उरलेली एकच, ती तिच्या नावावर. तिने हो म्हटल्याशिवाय तिथे मूठभर राखही ठेवता येणार नव्हती. आणि निघाली कोण, तर मॅथ्यूंचीच नात. गाव सोडताना मॅथ्यूंनी बायको आणि पाळण्यातलं पोर मागे ठेवलं होतं. त्या पोराची मुलगी एडिथ. बाबा इकडच्या दुसऱ्या संसारातले. म्हणजे दोघं एकाच आजोबांची नातवंडं, नि पहिल्याच बोलण्यात हा तमाशा.

"बाबा, आजोबा पळाले म्हणजे नक्की काय केलं?" मी विचारलं.

"सकाळी होडीवर जायला निघाले होते," बाबा म्हणाले. "वडील आणि दोन भाऊ पुढे गेलेले. हे अर्ध्या वाटेवरून परत फिरले. होडी एक माणूस कमी घेऊन गेली. दुपारी वादळ झालं आणि तिघांपैकी एकही परत आला नाही. गाव म्हणालं, याला वादळाची चाहूल लागली होती, हा भ्याला, आणि बापाला-भावांना सांगितलंही नाही."

आता मी वरसोलीची, अलिबागजवळची. कोळ्याची पोर. अर्ध्या वाटेवरून फिरलेला माणूस म्हटलं की हा भ्याला असेल, असं माझ्या मनातसुद्धा येत नाही. आमच्या घरात दर्यावर निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नसत. कुठे चाललास, असं विचारत नसत. डबा विसरला तर विसरला, राहील एक दिवस उपाशी, पण हाक मारायची नाही. मारलीच, तर त्या दिवशी त्याने घरी परत यायचं. त्याला कोणी हसत नाही. बोल लागतो तो हाक मारणारीला.

"बाबा, त्यांना मागून हाक कोणी मारली?"

बाबांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. आमच्याकडेही असंच असतं."

त्यांनी मला दार लावून घ्यायची खूण केली. मग सांगितलं. हाक मारली होती बायकोने, हॅनाने. मॅथ्यू हातमोजे विसरले म्हणून ती पोराला कडेवर घेऊन धावत आली आणि नवऱ्याला नावाने हाक मारली. आता होडीत पाय ठेवला तर सगळ्यांनाच अपशकुन, म्हणून मॅथ्यू परत फिरले. संध्याकाळपर्यंत हॅनाच्या सासूचा नवरा आणि दोन मुलगे गेले होते, आणि त्याच सासूच्या हाताखाली हॅनाला जन्म काढायचा होता. हाक तिची होती हे कळलं असतं तर गावाने तिला जगू दिलं नसतं. मॅथ्यूंनी सांगून टाकलं, मी भ्यालो. मग गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. हॅना त्या सासूला एकटी टाकून यायला तयार होईना. ते एकटेच निघून आले.

"अहो, मग हे एडिथला सांगा की," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता फोन लावते."

"नाही. मरताना त्यांनी माझ्याकडून वचन घेतलंय. हॅनाचं नाव निघता कामा नये. मी हे पॉललासुद्धा बोललेलो नाही. शरयू, तूही बोलणार नाहीस."

"ती बाई जाऊन किती वर्षं झाली असतील, बाबा."

"तिची नात जिवंत आहे. मला वचन दे."

दिलं. काय करणार? पण अख्खा आठवडा मी भांडी आपटत होते. एका वाक्यात काम होणार, ते वाक्य मला माहीत, आणि तोंडाला कुलूप. माणूस डोळ्यांदेखत झिजत चाललेला. पॉलला वाटलं मी त्याच्यावरच भडकलेय, त्याने बिचाऱ्याने न सांगता सगळं घर व्हॅक्युम केलं.

नीनाने एडिथला पुन्हा फोन करून गयावया केली, फक्त एकदा आजोबांशी बोला म्हणून. रविवारी सकाळी बोलायला एडिथ तयार झाली. पॉलला ही बोलणी ऐकवेनात, तो ग्रोसरीच्या नावाखाली खाली उतरला. बाबा जूनच्या उकाड्यातही पांघरूण घेऊन रिक्लायनरमध्ये बसले होते. नीनाने फोन स्पीकरवर टाकला.

"मागच्या वेळी मी फोन आपटला, ते चुकलं," एडिथ म्हणाली. "पण म्हटलं ते खोटं नव्हतं. माझ्या आजीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गळांना आमिष लावून पोराला वाढवलं. थंडीत तिची बोटं फाटून रक्त यायचं, मी पाहिलंय. आणि तो तिकडे दुसरा संसार मांडून बसला. आता त्याच्या नातवाला तिच्याच कबरीत यायचंय. कशी घेऊ?"

"तुझं बरोबर आहे," बाबा म्हणाले. "मी फक्त विचारतोय."

"भित्र्याच्या घरात विचारण्याएवढी तरी हिंमत आहे म्हणायची."

माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची, ती उगाच नाही. "एडिथ, ते भित्रे नव्हते," मी मध्येच बोलले. "मी कोळ्याची मुलगी आहे, मला कळतं. दर्यावर निघालेला माणूस अर्ध्या वाटेवरून फिरतो तो कोणी मागून हाक मारली तर..."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी थांबले. पण तोंडातून जायचं ते गेलं होतं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. नीना एकदा माझ्याकडे, एकदा आजोबांकडे बघत होती, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मला वाटलं बाई आता फोन आपटणार. मग आवाज आला, आधीपेक्षा हळू.

"वॉल्टर, कोणी मारली हाक?"

बाबांनी डोळे मिटले. मी मनात म्हणत होते, सांगा हो, आता माझ्यामुळे अर्धं निघालंच आहे, तर उरलेलं सांगून टाका आणि जा तुमच्या माणसांत. एक नाव तर घ्यायचंय.

"कोणी नाही," बाबा म्हणाले.

"माझ्या आजीने मारली?"

"नाही. ही तिच्या गावच्या रीतीचं सांगतेय. माझे आजोबा भ्याले होते. त्यांनी स्वतः मला तसं सांगितलं."

"देवाची शपथ घेऊन सांगशील?"

बाबा चर्चला जाणारे. शपथ त्यांच्या लेखी साधी गोष्ट नाही. "हो," ते म्हणाले. "शपथेवर सांगतो."

"मग माझं उत्तर तुला माहीत आहे."

"माहीत आहे. तुझा वेळ घेतला, एडिथ." त्यांनी नीनाला फोन बंद करायची खूण केली. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. वचन मी मोडलं आणि जागाही गेली.

"थांब," एडिथ म्हणाली. "बंद करू नकोस."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आजी गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. शेवटी शेवटी ती एकच बोलायची. मी हाक मारली, मॅट, मी तुला हाक मारली. आई म्हणायची, भ्रम झालाय. मी तिचा हात धरून बसले होते, मला माहीत आहे भ्रम नव्हता. गावासमोर तोंड उघडायची तिची कधी छाती झाली नाही. आणि त्याने तिकडे सगळ्यांना सांगितलं असेल, एक दिवस कोणीतरी येऊन आपलं नाव घेईल, या भीतीत ती मेली. ती गेल्यावर ती भीती मला लागली. तुमचा फोन आला तेव्हा मला वाटलं, आले, आता हे तिचं नाव घेणार. म्हणून मी तुला तसं बोलले."

बाबा रडत होते. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. "त्यांनी कोणाला सांगितलं नाही, एडिथ," ते म्हणाले. "एकट्या मला. तेही मरताना."

"ते कळलं मला आत्ता." तिचाही आवाज फुटला होता. "आजीने कबर घेतली ती दोघांची. तिच्या शेजारी माझ्या आईबापांनाही ठेवायचं नाही, असं बजावून गेली. तो येईल म्हणायची, त्याला उशीर होतोय. ती जागा अजून तशीच आहे, वॉल्टर. तो काही आला नाही. तू ये."

बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. शेवटी मीच म्हटलं, "येतील. मी घेऊन येते त्यांना."