चहाच्या यंत्राशेजारचा पट

आमच्या कुलपांच्या कारखान्यात ईमेलचा सर्व्हर सांभाळणारा जो आहे, त्याला शिस्तीचं भारी वेड. सोफ्यांच्या, बुटांच्या, कर्जाच्या जाहिरातींनी सगळे वैतागले होते, म्हणून त्यानं एक नियम बसवला. एकदम सगळ्यांना येणारी जी मेल महिनाभर जवळपास कुणीच उघडत नाही, ती पाठवणारा आपोआप बंद. पाठवणाऱ्याला कळवायचंही नाही, मेल गुपचूप नाहीशी. जाहिराती थांबल्या आणि स्वारी कॉलर ताठ करून फिरू लागली.

फोरमनकाका म्हणजे याच सर्व्हरवाल्याचे वडील. निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी अख्ख्या कारखान्याला बुद्धिबळाचं एक कोडं मेलनं पाठवतात, उत्तर दुसऱ्या दिवशी. मी रिसेप्शनवर बसते. कोडं छापून चहाच्या यंत्रावर चिकटवते, शेजारी पट मांडते, आणि मग सगळे तिथेच भांडतात. कोण काय म्हणालं ते संध्याकाळी मी काकांना दोन ओळींत कळवते.

या आठवड्यात सोमवारचं कोडं आलं, पण उत्तर काही येईना. नवं कोडंही नाही. मला वाटलं, काका बाहेर गेले असतील. पण घोडा की उंट यावरून स्टोअरकीपर आणि हिशेबनीस यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, तेव्हा मात्र मी सर्व्हरच्या खोलीत धडकले.

"काय रे, बाबा बरे आहेत ना?"

"ठणठणीत आहेत, ताई. पण रुसलेत. म्हणतात, कुणाला गोडी राहिली नाही, तुमचंसुद्धा उत्तर येत नाही. आज शेवटचं कोडं पाठवलं आणि मला म्हणाले, घरचा पट माळ्यावर टाक."

"पाठवलं? अरे, इथे सोमवारनंतर काहीच आलेलं नाही!"

त्यानं स्क्रीनवर शोधलं. बंद केलेल्यांत खुद्द तीर्थरूप!

"पण ताई, तुमच्याशिवाय त्यांची मेल कुणीच उघडत नव्हतं."

"कशाला उघडतील? सगळे माझा कागद वाचतात. तू इथे एसीच्या गारठ्यात चहाचा थर्मास घेऊन बसतोस, तुला काय कळणार! आणि न उघडणाऱ्यांत तूही होतास की."

तो कानापर्यंत लाल झाला. मी चांगलीच तापले होते, पण त्याचं तोंड बघून मलाच कसंतरी झालं.

बंदी क्षणात उठली, पण गेलेल्या मेल परत येणार नव्हत्या. त्यानं घरी फोन लावला. "बाबा, चूक माझी आहे. लोक वाट बघताहेत."

"उगीच समजूत घालू नकोस," काका म्हणाले.

मी फोन हिसकावला, तडक चहाच्या यंत्रापाशी गेले आणि पटावर धरला.

"उंटच!" अबोला विसरून स्टोअरकीपर ओरडला.

"अहो, घोडा! डोळे आहेत की बटणं?"

फोनमधून काका गरजले, "प्यादं! एवढं समोरचं प्यादं दिसत नाही? सरकवा पुढे!"

हिशेबनिसानं सरकवलं. मात!

"बाबा, मग पट माळ्यावर टाकू?" मागोमाग आलेल्या सर्व्हरवाल्यानं विचारलं.

"हात तर लावून बघ!"

पुढच्या सोमवारी मी नवं कोडं छापून नेलं, तर पट आधीच मांडलेला. सर्व्हरवाला थंड झालेला चहा हातात घेऊन वजिराकडे टक लावून उभा होता.

"मेल उघडली मी," तो म्हणाला. "बाबांना एवढ्यात सांगू नका, ताई. अजून सुटलेलं नाही."