दाजी, मेहुणा आणि मधला वेळ

काच उचलताना आकडे मोजायचे नाहीत, हा दाजींचा पहिला नियम. एक, दोन, तीन म्हटलं की प्रत्येकाचा 'तीन' वेगळ्या जागी येतो. एक जण तीन म्हणता म्हणता उचलतो, दुसरा तीन म्हणून झाल्यावर, आणि काच बिचारी मधल्यामध्ये पिळवटून निघते. म्हणून दाजी श्वास सोडत नुसतं "हं" म्हणायचे. त्या 'हं'बरोबर दोघांनी उचलायचं, आणि काच हातात असेपर्यंत दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. माणसाएवढ्या, कधी माणसाच्या दुप्पट उंचीच्या काचा या दोघांनी अशा एका हुंकारावर निम्म्या शहरात बसवल्या होत्या.

हे दोघं म्हणजे दाजी आणि त्यांचा मेहुणा. मेहुण्याची थोरली बहीण दाजींना दिलेली. लग्नानंतर वर्षभरातच दाजींनी या रिकामटेकड्या पोराला काचेच्या कामाला जुंपलं, आणि आता पोराच्या मिशा पांढऱ्या झाल्या तरी जोडी कायम होती. बाजारात सगळे त्याला मेहुणाच म्हणत. एवढ्या लोकांचा मेहुणा व्हायचं तर बहिणी तरी तेवढ्या हव्यात, असं तो कुरकुरायचा, पण हाक मारली की मुकाट्याने ओ द्यायचा.

मेहुण्याला खोड एकच, विचार करायची. त्याने लग्न केलं नव्हतं. दाजींच्या काचेच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत तो एकटा राहायचा, आणि एकट्या माणसाला काहीतरी पाळावंसं वाटतं. कुणी पोपट पाळतो, याने काळ पाळला होता. त्याला तो रोज काही ना काही खाऊ घालायचा.

कारखान्यात काचा भिंतीला टेकून एकीमागे एक उभ्या असत. समोरून पाहिलं तर एकच काच आहे असं वाटे. कडेला जाऊन वाकून पाहिलं, तर प्रत्येकीची हिरवी कड वेगळी दिसे. मेहुण्याचं म्हणणं, काळ असाच असणार. काल, आज, उद्या सगळे एकामागे एक उभेच आहेत. कुणी कुठून येत नाही, कुणी कुठे जात नाही. आपण समोर उभे, म्हणून आपल्याला एकच दिसतो आणि त्याला आपण 'आता' म्हणतो. कडेला जाऊन उभं राहायची सोय कुणी केलेली नाही, एवढीच अडचण.

दाजींनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला चहा खाली ठेवला आणि म्हणाले, "मग उद्याची काच पण बसलेलीच असेल की. उद्या सुट्टी घेऊ."

पुढे त्याने रेडिओवर ऐकलं, की ताऱ्यांचा उजेड आपल्यापर्यंत पोचायला वर्षानुवर्षं लागतात. झालं. तारा लांबचा म्हणून वर्षं लागतात, पण मग समोर बसलेल्या माणसाचं काय? त्याचाही उजेड यायला काही ना काही वेळ लागणारच. म्हणजे आपल्याला दिसतात ते दाजी आत्ताचे नाहीतच, किंचित मघाचे आहेत. त्यांच्या दृष्टीने आपणही मघाचेच. ज्याचा त्याचा 'आता' ज्याच्या त्याच्या कातडीच्या आत. दोन माणसं एकाच 'आता'त कधी भेटतच नाहीत. या शोधावर मेहुणा आठवडाभर खूश होता, आणि भेटेल त्याला भंडावून सोडत होता. दाजी एवढंच म्हणाले, "माझ्या मघाच्या तोंडाला चहा दिला नाहीस. निदान आत्ताच्या तोंडाला दे."

अलीकडे मात्र त्याच्या विचारांना वेगळंच वळण लागलं होतं. त्याला वाटू लागलं होतं की काळ घाईला आलाय. बसचं दार त्याचा पाय पायरीवर पडायच्या आत मिटायचं. दुकानदार याची पिशवी उघडायच्या आत सामान पुढे सारून मागच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागायचा. सदऱ्याची बटणं लावेपर्यंत गॅसवरचं दूध उतू जायचं. पूर्वी असं नव्हतं. मेहुण्याने यावर बराच काथ्याकूट केला आणि निष्कर्ष काढला, की सबंध विश्वाचाच वेग वाढत असणार, फक्त सगळं एकदमच वाढतंय म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. आपल्या ध्यानात आलं, याचा त्याला थोडा अभिमानही वाटला.

अशात एके दुपारी बहीण कारखान्यात आली. दाजी कुठेतरी माप घ्यायला गेले होते, ते पाहूनच आली असणार. ती स्टुलावर बसली आणि पाणीसुद्धा न मागता म्हणाली, "यांचे खांदे बघितलेस?"

"काय झालं खांद्यांना?"

"सुजलेत. कूस बदलताना कण्हतात. विचारलं तर म्हणतात, उशी बदल." तिने पदराने घाम पुसला. "मला एक खरं सांग. यांचा हात चालतो का अजून? काचेचं काम आहे. उद्या एखादी अंगावर आली तर? तू रोज बरोबर असतोस, तुलाच माहीत. तू म्हणालास थांबवायला हवं, तर मी उद्यापासून यांना घराबाहेर पडू देत नाही. तू म्हणालास चालतंय, तर मी तोंड उघडणार नाही."

दाजींना घरी बसवणं म्हणजे काय, हे मेहुण्याला ठाऊक होतं. एकदा पाय मुरगळून ते थोडे दिवस घरी होते, तर त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, खिडकीच्या चांगल्या काचा काढून परत बसवल्या आणि शेजाऱ्याशी विनाकारण भांडण उकरून काढलं. काच काढून घेतली तर हा माणूस वर्षभरात झिजून जाईल. आणि दुसऱ्या बाजूला बहिणीचा प्रश्न होता, त्याला खोटं उत्तर देणं बरं नव्हतं.

कारण खरं उत्तर त्याच्यापाशी होतं. दाजी मागे पडत होते. पूर्वी त्यांचा 'हं' आणि त्यांचा हात एकाच वेळी यायचे. आता 'हं' यायचा, मेहुणा आपलं टोक उचलायचा, आणि दाजींचं टोक क्षणभर मागून वर यायचं. पापणी लवावी एवढंच, पण काचेला तेवढं पुरतं. मागच्या महिन्यात एक मोठा आरसा नेताना कोपरा उंबऱ्याला लागला आणि आरसा उभा तडकला. "माझा हात घसरला," म्हणून दाजींनी सगळं स्वतःवर घेतलं. मेहुण्यालाही तसंच वाटलं होतं. तेव्हापासून तो मनाशी म्हणत आला होता, की दोन माणसांत थोडं अंतर असायचंच, ज्याचा त्याचा 'आता' वेगळा. त्याचा सिद्धांत या कामी बरा उपयोगी पडत होता. बहिणीपुढे तो सांगायचा त्याला धीर झाला नाही.

"बघतो आणि सांगतो," तो म्हणाला.

"बघतो काय? रोज बघतोसच ना?"

"नीट बघतो."

बहीण उठली. "लवकर बघ," म्हणाली आणि गेली.

दोन-तीन दिवसांनी चपलांच्या एका दुकानाचं काम निघालं. दर्शनी खिडकीची अखंड काच, टेम्पोतून उतरवून फुटपाथवर भिंतीला टेकवून ठेवलेली. चौकट साफ करून झाली होती, रबरी पट्ट्या बसल्या होत्या, आता फक्त काच उचलून आत सरकवायची होती. त्याआधी चहा घ्यायचा हा दाजींचा दुसरा नियम. दुकानाच्या पायरीवर दोघं बसले. मेहुण्याने ठरवलं, बोलायचं तर आत्ताच. काच उचलल्यावर बोलता येणार नाही, आणि ती काच मोठी होती.

"दाजी, रागावू नका."

"म्हणजे रागावण्यासारखं आहे."

"तुमचा हात मागून येतो. तुम्ही 'हं' म्हणता आणि मी उचलतो, मग तुम्ही. बरेच दिवस झाले. आरशाच्या वेळीही तसंच झालं. ताई विचारत होती, मी अजून काही बोललो नाही. पण आज ना उद्या ही काच कुणाच्या तरी अंगावर येईल."

दाजींनी चहा संपवला. पेला पायरीच्या कडेला ठेवला, तो पडणार नाही अशा बेताने. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे मेहुण्याला विचित्र वाटलं.

"मी मागून उचलतो, हे खरं," ते म्हणाले. "तुझं टोक हलल्याशिवाय मी उचलत नाही."

"का?"

"कारण 'हं' म्हटल्यावर तू येतोस कधी, याचा भरवसा राहिला नाही. पहिल्यांदा मला वाटलं तू तंद्रीत असतोस. तुझी ती ग्रहगोलांची तंद्री. म्हणून मी थांबायला लागलो. वाकून, वजन धरून थांबायचं. मग जिन्यात खालची बाजू मी घ्यायला लागलो, ते पण त्याचसाठी."

मेहुणा हसला. हसण्यासारखं काही नव्हतं, पण त्याला उत्तर सुचलं होतं. "हे बघा, दाजी, दोघांत अंतर आहे एवढंच आपल्याला माहीत. तुमच्या बाजूने बघितलं तर मी मागे, माझ्या बाजूने बघितलं तर तुम्ही मागे. यात खरं कोण, हे ठरवणार कसं? दोघांचाही 'आता' ज्याचा त्याला बरोबरच."

"तिसरा माणूस बोलवायचा," दाजी म्हणाले, आणि त्यांनी दुकानाच्या मालकिणीला हाक मारली.

मालकीण बाहेर आली. दाजींनी तिच्या हातात आपली पोलादी पट्टी दिली, वरचं टोक धरून उभी लटकवायला सांगितली, आणि खालच्या टोकाशी स्वतःचा अंगठा आणि बोट उघडी धरून बसले. "न सांगता सोडा," ते म्हणाले. मालकिणीला गंमत वाटली. तिने इकडेतिकडे पाहिल्यासारखं केलं आणि पट्टी सोडली. दाजींनी ती जागच्या जागी चिमटीत पकडली. वयाच्या मानाने बरंच झालं, असं मालकीण म्हणाली.

मग मेहुण्याने बोटं उघडली. त्याची नजर पट्टीवर खिळलेली होती. ती सुटलेली त्याला दिसली, अगदी स्पष्ट दिसली, आणि त्याने चिमूट मिटली. चिमटीत काही नव्हतं. पट्टी पायरीवर आपटून खणखणत होती.

"लक्ष नव्हतं," तो म्हणाला. "परत."

परत पट्टी पडली. तिसऱ्यांदा त्याने श्वास रोखून धरला, आणि तिसऱ्यांदाही बोटं मिटली तेव्हा आवाज आधीच झाला होता. मालकीण पहिल्या वेळी हसली होती, दुसऱ्या वेळीही थोडी. आता तिने पट्टी उचलून दाजींकडे दिली, आत गिऱ्हाईक आहे असं काहीतरी पुटपुटली आणि निघून गेली. आत कुणीही नव्हतं.

मेहुणा स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला. ती नेहमीसारखीच दिसत होती, घट्टे पडलेली, नखांत पांढरा चिकट लेप अडकलेली. त्याला बसचं दार आठवलं, मग दूध. इतके महिने त्याने सबंध विश्वालाच घाई झालीय असं ठरवलं होतं, आणि विश्व बिचारं आपल्या जागी, आपल्या चालीने चाललं होतं. त्याला भीती वाटली. साधी भीती, तिच्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

"मग बोलला का नाहीत?" त्याने विचारलं.

"काय बोलणार? तू म्हणाला असतास, दाजी, ज्याचा त्याचा आता," दाजी म्हणाले. मग पट्टी पुसत म्हणाले, "आणि मला वाटलं, जाईल आपोआप. अशक्तपणा असेल. रोज वाटायचं, आज बरा असेल."

"आरसा?"

"सोड तो आरसा."

"तो माझ्याकडून लागला ना?"

दाजींनी खिशातून फोन काढला आणि कारखान्याच्या गोदामात लावला. दोन माणसं पाठव, म्हणाले, काच जड आहे, आणि हो, दोन म्हणजे दोन, आमच्यातला फक्त मी. उद्या सकाळी दवाखान्यात जायचं आहे, तेव्हा उद्याचं काम पुढे ढकल. हे सगळं त्यांनी मेहुण्यासमोर, त्याला न विचारता सांगितलं, आणि मेहुण्यानेही हरकत घेतली नाही.

फोन बंद करून दाजी म्हणाले, "तुझी बहीण वाट बघत असेल तुझ्या उत्तराची. सांग तिला. माझ्याकडून कळलं तर म्हणेल, स्वतःचं झाकायला भावावर ढकललं."

मेहुण्याने फोन काढला. बहिणीचं नाव शोधायला त्याला वेळ लागला. दाजी बघत होते, पण त्यांनी मदतीला हात पुढे केला नाही. पलीकडे बहिणीने एका घंटीतच उचलला.

"ताई, तू विचारलं होतंस ना. दाजींचा हात ठीक आहे. एकदम ठीक आहे."

"मग खांदे?"

"ते माझ्यामुळे. उशीर त्यांना होत नाही. मला होतोय. उचलायला, धरायला, सगळ्यालाच. दाजी मला सांभाळून घेत होते."

बहिणीने अगदी लहानपणच्या आवाजात विचारलं, ताप आल्यावर विचारायची तसं, "कधीपासून रे?"

मेहुणा खरंच आठवायचा प्रयत्न करत होता. रस्त्यावरून माणसं जात होती, भिंतीला टेकलेल्या काचेत ती एकेक करून येत होती आणि निघून जात होती. कधीपासून, ते त्याला ठाऊक नव्हतं.

"थांब," तो म्हणाला, आणि त्याने फोन दाजींच्या हातात दिला.