उलट्या पेटीतला दगडी दांडा

मित्रांनो, मी एक जुना दगडी दांडा आहे, हातभर लांब आणि मनगटाएवढा जाड. दिसायला साधाच, पण माझ्या पोटात समुद्राचा तळ आहे आणि त्याचा मला भारी अभिमान आहे.

माझा जन्मच गडबडीतला. नदीने आणलेली वाळू आणि गाळ समुद्राच्या काठाशी, पाण्याखालच्या उतारावर साठत होता. एके दिवशी भूकंपाने तो उतार ढासळला. पाण्याखालून गढूळ लोंढा सुसाट सुटला आणि तळ खरवडत त्याने खोल वाहिनी कोरली. पुढच्या लोंढ्यांनी तीच वाट धरली. त्यांचा जोर ओसरला की आधी जाड वाळू बसायची, मग बारीक, शेवटी चिखल. असे थरावर थर, आधी जाड मग पातळ, साचून वाहिनी भरली आणि दबून दगड झाली.

लाखो वर्षांनी माणसांनी जहाजावरून पोकळ गिरमिटाने मला वर काढलं आणि वरची बाजू दाखवणारा बाण काढलेल्या पेटीत भरलं. अशा वाहिनीतल्या वाळूत तेल सापडतं ना! केवढं कौतुक झालं माझं! पण मला तपासणाऱ्या तेल कंपनीच्या साहेबांनी अहवालात लिहिलं, 'इथे वाहिनी नाही.' झालं, गोदामाच्या तळच्या फळीवर माझी रवानगी झाली. वीस वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग हुकूम आला, जुने दांडे भरावात टाका.

हातगाडीवर चढवलं तेव्हा माझं धाबं दणाणलं. तेवढ्यात तो अहवाल न पटलेल्या एका भूवैज्ञानिक बाईंनी गाडी थांबवली. बोट ओलं करून माझ्यावरची धूळ पुसली, भिंग लावलं.

"काका, हा उलटा ठेवलाय."

"काहीतरीच काय ताई! पेटीवर बाण आहे की. मीच काढलाय," गोदामवाले काका म्हणाले.

"बाण राहू द्या. प्रत्येक थरात जाड वाळू वर कशी बसेल?"

काकांनी भिंगातून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "माझीच घोडचूक! जहाजावर घाईत भरताना टोकं बदलली बघा."

बाईंनी मला सुलटं केलं. जाड थर तळाशी, वर पातळ होत गेलेले. ही तर भरलेल्या वाहिनीची खूण! मी उलटा असल्याने ती साहेबांना दिसलीच नव्हती. अहवाल नव्याने लिहिला गेला, शेजारीच पुन्हा खोदलं आणि वाहिनी सापडली! त्या दिवशी काकांनी मला चक्क सलाम ठोकला.

आज मी काचेच्या कपाटात ताठ उभा आहे. काका शाळेतल्या मुलांना आपली चूक हसत हसत सांगतात. नवा बाणही त्यांनीच काढलाय. मित्रांनो, जुनी वस्तू टाकायची तर टाका. पण त्याआधी बोट ओलं करून एकदा तिच्यावरची धूळ पुसून बघा.