गोदावरीबाईंची गंगाजलाची लोटी

मी गंगाजलाची लोटी बोलतेय. तांब्याची, मुठीत मावणारी, तोंडाला डाख लावून बंद केलेली. जन्म काशीचा, पण सारं आयुष्य सानगडीत, गोदावरीबाईंच्या देवघरात गेलं. यात्रेहून येताना त्यांनी मला मांडीवर बसवून आणलं. पिशव्या नवऱ्याच्या गळ्यात.

माणसं लग्नाची तयारी करतात, या बाई मरणाची करत. दर दिवाळीला मला चिंचेने लख्ख घासत, कानाशी हलवून पाणी आहे ना ते बघत आणि मुलाला बजावत, "प्रवीण, डोळे मिटाच्या आंधी हे पानी माह्या तोंडात टाकजो. नाही तं वरचं दार उघडत नाही."

शेजारच्या मंगलाबाई बौद्ध. दोघींनी जन्मभर जोडीनं धानाची रोवणी केलेली. मंगलाबाई खो-खो हसत. "वर कोन बसला हाये वं दार उघडाले? मानूस मेला, सरला. जित्तेपनी चांगलं वागावं, बस."

"तू नाही आली तं मी तिथं बोलू कोनासंग?" गोदावरीबाई चिडत. भांडण रोजचं, चहाही रोजचा.

मागच्या उन्हाळ्यात मंगलाबाईंनी अंथरूण धरलं. साकोलीच्या डॉक्टरांनीही घरी न्यायला सांगितलं. तशी गोदावरीबाईंनी अडकित्त्याने माझा डाख फोडला आणि मला पदराखाली लपवून निघाल्या. मला कोण आनंद! अखेर कामी येणार होते.

मंगलाबाईंनी एकच डोळा उघडला. "काय लपवून आनलं वं?"

"दोन थेंब घे नं. माह्यासाठी."

"न विचारता टाकलं असतं तं थुकली असती मी." मग हळूच म्हणाल्या, "पानी पाजाचंच हाये तं माठातलं पाज. तुह्या हातचं."

गोदावरीबाईंनी मला खाली ठेवलं आणि चमच्या-चमच्याने माठातलं पाणी पाजलं. मला राग आला, खोटं कशाला सांगू? पण मंगलाबाईंचा निवलेला चेहरा पाहिला आणि तो ओसरला.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. पांढरं लुगडं नेसून गोदावरीबाई सगळ्यांसोबत वंदनेला बसल्या. घरी येऊन म्हणाल्या, "प्रवीण, मले बी माठातलंच पानी पाजजो."

"अन् वरचं दार, माय?"

"मंगला नाही तिथं. मी जाऊन काय करू?"

आता मी उघड्या तोंडाने देवघरात बसलेय. पाणी अर्धं आटलंय, पण माझं गाऱ्हाणं नाही. मागणं एवढंच, मंगलाबाई जिथे असतील, किंवा कुठेच नसतील, तिथेच माझ्या गोदावरीबाईंनाही जाऊ द्या.