दोन कुंपणांमधली टोपली

मी टोपली बोलतेय. वेताची, खोलगट, दोन कानांची. विणणारीनं मला बाजारासाठी विणलं होतं, पण बंदरावरच्या माणसानं मला उचललं आणि नेऊन थेट दोन कुंपणांच्या मध्ये टांगलं.

ती कुंपणं कसली, ते सांगते. परमुलखातून जहाज आलं आणि त्यावर कुणाला साथीचा ताप निघाला, की उतारूंना गावात सोडत नसत. किनाऱ्यावरच्या लांबट कोठीत ठेवत आणि आणखी कुणी आजारी पडतंय का ते बघत. कोठीभोवती एक कुंपण, त्याच्या बाहेर दुसरं. आतले आत, बाहेरचे बाहेर, आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यावरून दोरीवर सरकणारी मी. घरचे लोक माझ्यात डबा ठेवत आणि दोरी ओढून आत पाठवत. दोरीला डांबर फासलेलं होतं. डांबराला रोग चिकटत नाही, असं तिथं मानत. मला मात्र चिकटतो म्हणे! म्हणून मी आतून आले की पहारेकरी मला चिमट्यानं धरून चुन्याच्या पाण्यात बुचकळायचा. त्याआधी मला कुणी हात लावला, तर त्यालाही आत जावं लागे.

चुन्यानं अंग अगदी उलून जायचं. पण आतली भुकेली तोंडं दिसली की मी आपली गप्प बसायची.

एका जहाजातून एक कोवळी बाई आली, कडेवर तान्हं बाळ. नवरा कामाच्या गावीच राहिलेला. बाहेर रोज तिची सासू यायची. नातवाला तिनं अजून मांडीवरही घेतलं नव्हतं, त्याचा सगळा राग सुनेवर निघायचा.

"काय गं, बाळाला टोपडं नाही? वारं बघ कसलं सुटलंय!"

"आई, उकडतंय हो त्याला."

"उकडतंय म्हणे! मी काय मुलं वाढवली नाहीत?"

सून बिचारी टोपडं घालायची, सासूची पाठ वळली की काढायची. मला हसू यायचं.

मग तिच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला ताप भरला. सुनेच्या डोळ्याला डोळा लागेना. बाळ शिंकलं तरी ती दचकायची, झोपलं तर नाकाशी बोट धरून श्वास बघायची. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन आत गेले. तिनं डबा काढून खाली ठेवला आणि दुपट्यात गुंडाळलेलं बाळच माझ्यात ठेवलं!

"आई, ओढा! पटकन! पहारेकरी पाणी प्यायला गेलाय."

माझे कान करकरले. एवढं मोलाचं ओझं मी कधी वाहिलं नव्हतं. सासूनं दोरी ओढली. मी मध्यावर आले, बाळ मूठ चोखत आभाळाकडे बघत होतं, आणि दोरी थांबली.

"ओढा ना! इथं राहिला तर लागण होईल त्याला!"

"आणि आधीच झाली असली तर?" सासूनं दोरी मुठीत आवळली. "घरी थोरलीची लेकरं आहेत गं. त्यांच्यात कसा नेऊ याला? आणि तुझ्या दुधावाचून राहील का हा?"

"म्हणजे तुम्हाला नको हा?"

सासूनं दोरी उलटी ओढली. मी परत आत गेले. सुनेनं बाळ छातीशी धरलं आणि पाठ फिरवून हुंदके देऊ लागली. मला सासूचा असा राग आला!

तेवढ्यात तिनं मला रिकामीच बाहेर ओढून घेतलं. पहारेकरी धावत आला. "ओ आजी, हात नका लावू! आत जावं लागेल!"

"ठाऊक आहे." तिनं माझे दोन्ही कान घट्ट धरले. "हा लावला. उघड फाटक. आणि ए सूनबाई, रडतेस काय? जरा पडून घे, मी येतेय."

बाळाला ताप आलाच. पण आता दोघी होत्या. एक निजली की दुसरी जागी. सासू ओल्या फडक्यानं त्याचं अंग पुसायची, सून घोट घोट दूध पाजायची. हळूहळू ताप उतरला. तिघं फाटकातून बाहेर पडली ती भांडतच, बाळाला कडेवर कुणी घ्यायचं म्हणून.

आता ती कुंपणं राहिली नाहीत. मी कोठीच्या कोपऱ्यात पडून आहे, उसवलेली, चुन्यानं पांढरी झालेली. माझं एकच मागणं आहे. तुमच्याकडे कधी साथ आली आणि कुणाला दाराआड ठेवायची पाळी आली, तर ठेवा. तो नियम काही वाईट नव्हता. फक्त दार लावलंत की लगेच निघून जाऊ नका. बाहेर उभे राहा, आतल्याला हाक मारा. रागावून मारलीत तरी चालेल.