एकदम ताई

लेबलावरचा चेहरा अंगठ्याएवढा होता आणि डब्याच्या गोलाईवर डावा गाल जरा ताणला गेला होता – आपण खरंच असं हसतो का, या विचारात योगिनीच्या हातातला आंबा अर्धवट सोललेलाच राहिला. आमरसाच्या या कारखान्यात तिला नऊ वर्षं झाली होती. त्यातली आठ वर्षं मॅनेजर सलील तिला ‘ओ बाई’ म्हणत होता. मग मुंबईहून जाहिरातवाले आले, त्यांनी तिचा फोटो काढून खाली लिहिलं – ‘कामगार नव्हे, घरची माणसं’. साळवी स्टॉपला मोठा फलक लागला, आणि दुसऱ्याच दिवशी सलील म्हणाला, “योगिनीताई, बसा ना.”

बसा ना... कोणाला म्हणाला तो? मला, की फलकावरच्या त्या बाईला? आणि तेव्हापासून विमला, जी इतकी वर्षं माझ्या डब्यातलं खात आली, ती हल्ली ‘भूक नाही’ का म्हणते?

तीच विमला आता समोर उभी होती. वाफेच्या नळीनं मनगट भाजून लाल झालं होतं.

“पाणी लावा, पाचला सुटल्यावर डॉक्टरकडे जा, म्हणाला सलील. तू सांग ना गो त्याला. तुझं ऐकतो तो.”

‘तुझं’वर जोर होता... की नुसती वेदना होती ती?

योगिनी ऑफिसात गेली, तर सलीलनं तिला बोलणं पुरं करूच दिलं नाही. “अहो ताई, लगेच पाठवा! ऑफिसची गाडी न्या.” मग आवाज उतरवून, “मघाशी मला अंदाज आला नाही, असं सांगा त्यांना. बाहेर उगाच चर्चा नको.”

योगिनीनं मान डोलावली.

“इतक्यात गाडी दिलीन?” विमलानं विचारलं. “काय बोललीस?”

“काही नाही. त्यांना अंदाज आला नव्हता, एवढं भाजलंय त्याचा.”

“मी हात त्याच्यासमोर धरला होता, योगिनी.” एवढंच बोलून विमला गाडीत बसली.

योगिनी जागेवर परतली. सलीलचा राग यायला हवा होता, पण छातीत काहीतरी ऊबदार हलत होतं – आपण बोललो आणि गाडी निघाली. आपण विमलासाठी गेलो होतो, की आपलं किती चालतं ते बघायला?... तिनं नवा आंबा उचलला, आणि तिच्या लक्षात आलं, आता आणखी कोण काही मागायला येतंय का, म्हणून आपण मान वर करकरून बघतो आहोत.